गवतावरच्या चादरी

चादर पांढरी कशी होते हे मला विचारा. पावडरीने होत नाही आणि निळीने तर मुळीच नाही. निळीने फक्त डोळ्यांना फसवता येतं. ओली चादर हिरव्या गवतावर पसरायची, तिला ऊन खाऊ द्यायचं, दुपारी एकदा पाण्याचा हबका मारायचा, पुन्हा ऊन. चार वाजता उचलायची. ही विद्या मला आईने दिली आणि तिला तिच्या आत्याने. आमच्या शुश्रूषागृहात पंचेचाळीस खाटा आहेत, सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या. त्यांच्या चादरींवर काय काय डाग पडतात ते सांगत बसत नाही. पण माझ्या कपडेखोलीतून गेलेल्या चादरीवर डाग दाखवा आणि माझं नाव बदला. तसं ते बदललेलंच आहे. तिथं मला सगळे झकपकबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून राग येत नाही.

कपडेखोलीत ड्रायर आहे, पण मी तो वापरत नसे. त्यातून निघालेल्या चादरीला उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. इस्त्रीसुद्धा मी फक्त उशीच्या अभ्र्यांना करायचे. चादर दोघींनी चार टोकांना धरून ताणली आणि घडी घातली की इस्त्रीहून सरळ. इमारतीच्या मागे मोकळी जागा आहे, थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत. तिथलं गवत कापायला माळी दर महिन्याला यायचा. कापलेल्या गवताचे खुंट कापडात घुसतात, चादरीला भोकं पडतात, म्हणून या वर्षी मीच त्याला दम भरला होता, "मागच्या गवताला हात लावलास तर बघ." त्याचं काम वाचलं. तो खूश, मी खूश.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझा दीर गेल्यावर ती आणि तिची मुलगी आमच्याकडे राहायला आल्या. मुलगी सात वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून तिला टिचकी म्हणतो. आम्हाला मूलबाळ नाही. दोन खोल्यांच्या त्या घरात आम्ही नवरा-बायको वीस वर्षं एकमेकांच्या खोकल्याचा आवाज ऐकत राहिलो. टिचकी आली आणि आमचे हे, जे कुणाला हो-नाहीच्या पुढे उत्तर देत नसत, ते तिला पाढे म्हणून दाखवायला लागले. मी तर तिची वेणी घालायला मिळावी म्हणून सकाळची भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायचे. पण वेणी तिची आईच घालायची, आणि ते बरोबरच होतं.

धाकटीला शुश्रूषागृहात मीच चिकटवली, वॉर्डात मदतनीस म्हणून. सहा महिने कच्ची नोकरी. तेवढ्यात कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही तर पक्की, आणि पक्क्या मदतनिसाला आवारात राहायला एक खोली. धाकटीला त्या खोलीचं वेड लागलं होतं. ती खिडकीतून आत डोकावूनही आली होती.

"ताई, दोन खाटा बसतात. एक तिची, एक माझी. मधे टेबल. ती अभ्यास करील आणि मी नुसती पडून तिच्याकडे बघीन."

"बघ की," मी म्हटलं. खोली मिळाली की टिचकी जाणार. हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही. स्वतःलाही नाही.

वॉर्डातली पाळी चारला संपली की धाकटी मागे यायची आणि मला चादरी गोळा करू लागायची. माझे गुडघे वाकत नाहीत. मी धुलाईचे गमबूट घालून मागच्या दाराच्या पायरीवर उभी, आणि ती गवतात गुडघे टेकून चादरीमागून चादर छातीशी धरणार. "ती कोपऱ्यातली राहिली. अगं, ओढू नकोस, उचल." उंटावरून शेळ्या हाकणं मला छान जमतं.

सहा महिन्यांतले पाच आठवडे उरले होते, तेव्हा एका सकाळी ती मोरीतून बाहेर आली ती कंबर खाजवत. मी सदरा वर करून पाहिलं. पायजम्याची नाडी जिथं बसते तिथं लाल पुरळाची रांग, कुणी धावदोरा घातल्यासारखी. तशीच गुडघ्यांच्या मागे, आणि मोज्याच्या काठाशी घोट्याभोवती.

"ढेकूण असतील," ती म्हणाली.

माझा पारा चढला. "माझ्या घरात ढेकूण? ही खरूज आहे. वॉर्डातून कुणाची तरी घेऊन आलीस."

मी काही डॉक्टर नाही. पण घरात ढेकूण नाहीत हे ठरवायचं तर दुसरं काहीतरी असणं भाग होतं, आणि जिभेवर तो शब्द आला. आला तो आला, मग मी त्याला बसायला पाटही दिला. त्या दिवसापासून धाकटीचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, अंथरूण दाराजवळ. टिचकीला मी माझ्याजवळ झोपवू लागले.

"आईला हात लावायचा नाही," मी तिला समजावलं. "आईला खरूज झालीय. लावलास तर तुलाही होईल, मग शाळेत कुणी शेजारी बसणार नाही."

टिचकी हुशार पोर, एकदा सांगितलं की पुरे. दुसऱ्या दिवशी धाकटी कंगवा घेऊन बसली आणि तिला बोलवायला लागली, तर ही भिंतीला चिकटली. धाकटी हसली. म्हणाली, "शहाणी आहेस. जा, काकूकडून घालून घे." मी वेणी घातली, अगदी हळूहळू, पेडावर पेड. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

पुढच्या आठवड्यात वॉर्डात खाज सुरू झाली. पहिली तक्रार खिडकीजवळच्या मास्तरांची. मास्तर एकेकाळी शाळेत चित्रकला शिकवायचे. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं खाटेला खिळलेले. मग त्यांच्या शेजारच्यांना, मग बायकांच्या वॉर्डात तिघींना. सगळ्यांना पाठीवर, कमरेला, मांड्यांना. चेहऱ्यावर कुणाच्याच काही नाही. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे आमच्या तिथल्या सर्वेसर्वा. त्यांनी सगळ्यांना औषधांच्या खोलीत उभं केलं आणि विचारलं, "कुणाच्या घरी त्वचेचं काही आहे का?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याच घरात आहे," मी म्हणाले. "लपवणं माझ्या स्वभावात नाही."

सिस्टरनी तिथल्या तिथं धाकटीच्या बाह्या वर करायला लावल्या, मग पायजम्याचे पाय. बाकीच्या बायका एक पाऊल मागे सरल्या. सिस्टरनी निकाल दिला: खरजेचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, आणि आठ दिवस रुग्णांना हात लावायचा नाही. आठ दिवसांत अंगावर एकही नवा फोड उठला नाही तर पुन्हा वॉर्डात. तोवर कच्ची नोकरी तशीच लोंबकळत. आणि या आठ दिवसांत हिला ठेवायचं कुठं? अर्थात माझ्या हाताखाली, कपडेखोलीत. म्हणजे दिवसभर गवतात.

वॉर्डासाठी दुसरा हुकूम निघाला: चादरी एक दिवसाआड नाही, रोज बदलायच्या. माझ्या अंगात बळ संचारलं. रोज पंचेचाळीस चादरी, मागचं गवत दिसेनासं झालं. "बाई, तुम्ही आहात म्हणून निभावतंय," सिस्टर म्हणाल्या, आणि मी दोन दिवस ते वाक्य पदराला बांधून फिरले.

सिस्टर रोज सकाळी धाकटीचे हात-पाय तपासायच्या. चौथ्या दिवशी घोट्यावर दोन नवे ठिपके निघाले. सिस्टर म्हणाल्या, "बाही खाली करा. पुन्हा एकपासून." पुन्हा पहिला दिवस. पाचव्या दिवशी गुडघ्यामागे. "पुन्हा एकपासून." धाकटी घरी येऊन हेच दोन शब्द सांगायची आणि दाराजवळ जेवायला बसायची. टिचकी माझ्या पलीकडून वाकून बघायची आणि बोटांवर काहीतरी मोजायची.

"मलम नीट लावत नसशील," मी म्हणायचे. "मला का होत नाही? मी स्वच्छ राहते. त्याच खोलीत, त्याच चादरींत मी पण असते ना?"

"असता," ती म्हणायची. एवढंच.

माझ्या पायात गमबूट होते. पण नाकाने कांदे सोलत असताना पायांकडे कोण बघतं.

मग मास्तरांना ताप आला. दोन दिवस गोळ्या दिल्या, उतरेना. डोकं दुखतं म्हणून म्हातारा डोळे उघडेना. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली. मी त्या वेळी मास्तरांच्याच खाटेवर घालायला ताजी चादर हातावर घेऊन दारात उभी होते. तिने मास्तरांना कुशीवर वळवलं, नखशिखान्त पाहिलं आणि काखेखाली बोट ठेवून थांबली. तिथं एक काळी खपली होती, सिगारेटचा चटका बसल्यावर येते तशी, आणि ती दुखत नव्हती.

"हे कधीपासून आहे?"

कुणाला माहीत नव्हतं. तिने मग बाकीच्यांचे पुरळ पाहिले आणि सिस्टरना बाजूला घेतलं. मला सगळं ऐकू येत होतं.

"ही खरूज नाही, सिस्टर. चिगर आहे. गवतातला किडा, लाल, सुईच्या टोकाएवढा. अंगावर चढतो आणि कपडा जिथं घट्ट असतो किंवा दबतो तिथं थांबून चावतो. खाज सुटते दुसऱ्या दिवशी, तोवर तो गळूनही गेलेला असतो. या माणसाचं त्या माणसाला होत नाही. हात लावून नाही, खाजवून नाही. पण काही किड्यांच्या चाव्यातून ताप शिरतो. मागे उंदीर-घुशी आहेत ना? गवत वाढलंय?"

"मागे आहे गवत," सिस्टर म्हणाल्या. "पण मास्तर दोन वर्षांत खाटेवरून उतरलेले नाहीत. त्यांच्यापर्यंत गवतातला किडा येईल कसा?"

"गवतावर पडलेलं काहीतरी त्यांच्याखाली आलं असेल. शोधा. आजच्या आज गोळ्या सुरू करते, वेळेवर दिल्या तर बरे होतील."

सिस्टरचा चेहरा उजळला. "काहीतरी कशाला? आमची एक मदतनीस रोज गवतात बसलेली असते. आधी याच वॉर्डात होती. तिच्याच कपड्यांवरून आले."

डॉक्टरीण म्हणाली, "असं सहसा होत नाही." पण तिला तीन वॉर्ड पुढे होते. ती गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर काखेतही नव्हता, दोन्ही हातांवर होता. घडी घातलेला, पांढरास्वच्छ, अजून उन्हाने कोमट. मी तोंड उघडलं नाही. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमच्या जावेला सांगा, या महिन्यापुरतंच काम," आणि मी मान हलवली. मास्तरांच्या खाटेवर ती चादर मात्र घातली नाही. परत घेऊन आले.

कपडेखोलीचं दार लावून मी ती खिडकीच्या उजेडात टेबलावर पसरली आणि वाचायचा चष्मा लावला. चष्मा मी कामावर कधी लावत नसे. डाग मला चष्म्याशिवाय दिसतात. आधी काहीच दिसलं नाही. मग दुमडीपाशी तिखटाचे दोन-तीन कण सांडल्यासारखे दिसले. मी बोटाने पुसायला गेले. तिखटाचा कण चालत नाही. हे चालत होते.

मी खुर्चीवर बसले. मला मास्तर आठवले, धाकटीचे घोटे आठवले, आणि लाज वाटते सांगायला, सगळ्यात आधी आठवलं ते झकपकबाई हे नाव. एवढ्या वर्षांचं नाव. मग मी जे केलं ते असं: माळ्याला बोलावलं आणि सांगितलं, मागचं गवत मुळापर्यंत काप. भिंतीजवळ भंगार पडलं होतं, तेवढी पट्टी त्याने सोडली. वॉर्डातल्या-कपाटातल्या सगळ्या चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, ड्रायरमध्ये घातल्या, वर एकेकीला कडक इस्त्री केली. पाठ मोडून आली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हवा दमट झालीय." कुणाला काही न सांगता सगळं ठीक करून टाकायचं, असा माझा बेत होता. म्हटलं, किडे संपले की प्रश्न संपला.

किडे संपलेही. चौथ्या दिवसापासून वॉर्डात एकालाही नवा फोड नाही. मास्तरांचा ताप उतरला, त्यांनी लापशी मागून घेतली. पण त्याच सुमारास धाकटीने काम सोडलं होतं. महिनाअखेरपर्यंत थांबून रोज नजरा कोण झेलणार? आणि सहाव्या दिवशी सिस्टर चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघितलंत? ती गेली आणि सगळं थांबलं."

"खरंच हो," बायका म्हणाल्या. "अंगालाच काहीतरी होतं तिच्या."

मी माझा चहा मोरीत ओतून दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि मी दिवसरात्र राबून त्या फाशीचा दोर वळून दिला होता.

तरीही मी त्या दिवशी बोलले नाही. घरी आले तर धाकटी बॅग भरत होती.

"भावाकडे जाते," ती म्हणाली. "तिकडे शिवणकामाच्या कारखान्यात घेतात म्हणे. ताई, टिचकीला इथंच ठेवते. शाळा आहे तिची. आणि…" ती बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत राहिली. "आणि माझ्यापासून लांबच बरी. माझं तिला लागायला नको. तुमच्याजवळ नीट राहील. तुम्ही स्वच्छ असता."

टिचकी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होती. तिने वर पाहिलं नाही. आईला ऐकू जाईल असं काही ती हल्ली बोलतच नसे.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. न मागता, तोंडात घास भरवावा तसं. मी स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

"दोन दिवस थांब," मी बाहेर येऊन म्हणाले.

"कशाला?"

"थांब म्हटलं ना."

सकाळी जाऊन मी भिंतीजवळच्या त्या न कापलेल्या पट्टीवर एक चादर पसरली. दुपारी तिचं गाठोडं करून मोठ्या सिस्टरच्या खोलीत नेलं आणि त्यांच्या टेबलावर, रजिस्टर, चष्म्याचं घर, सगळ्यावरून अंथरलं.

"हे काय आरंभलंय?"

"चष्मा लावून बघा."

त्यांनी पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. मग मी सांगितलं. गवताचं, ड्रायरचं, अभ्र्यांना इस्त्री होती म्हणून कुणाच्या तोंडावर पुरळ नव्हतं, ते. धाकटीला दिवसभर त्याच गवतात बसवलं म्हणून तिचे आठ दिवस कधी पुरे झाले नाहीत, तेही.

"गवत कापायला कुणी मनाई केली होती?"

"मी."

"आणि आता कापायला कुणी सांगितलं?"

"मीच."

"म्हणजे तुम्हाला आठवडाभर माहीत होतं."

"हो."

सिस्टरनी पुन्हा चादरीकडे पाहिलं. फार पांढरी चादर होती. "मास्तर गेले असते तर?" त्या म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. कपडेखोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. ती काढायला मला वेळ लागला, कारण गाठ जुनी होती. आता मी तिथंच स्वयंपाकघरात भाज्या निवडते. झकपकबाई कुणी म्हणत नाही. काहीच म्हणत नाहीत.

पण धाकटीला त्यांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर चूक झाली म्हणून सांगितलं, आणि वाया गेलेले दिवस धरून नोकरी पक्की केली. खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. मी घरी तिला सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. वाटलं होतं भांडेल, ताट फेकेल. मला ते बरं वाटलं असतं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टिचकीला कोण सांगणार?"

रविवारी दुपारी सामान हलवलं. ट्रंक एक, बॅग एक, दप्तर एक. खोली तिने सांगितली होती तशीच होती. दोन खाटा, मधे टेबल, खिडकीतून येणारं ऊन थेट टेबलावर. टिचकीने दप्तर खाली ठेवलं, आपली खाट कुठली ते विचारून घेतलं, आणि दोन्ही हातांनी ती ढकलत ढकलत पार समोरच्या भिंतीला नेऊन लावली. खाटेचे पाय फरशीवर करकरत गेले. धाकटी उशीला अभ्रा घालत होती. ती तशीच उभी राहिली.

"अगं, आईला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "कधीच झालं नव्हतं. ते गवतातले किडे होते. माणसाचं माणसाला लागत नाही."

"तूच म्हणालीस लागतं."

"मी चुकीचं बोलले."

"खोटं?"

"हो. खोटं."

तिने विचार केला. "मग आता खरं बोलतेस कशावरून?"

मोठ्या सिस्टरनी एवढे प्रश्न विचारले, पण असा एकही नव्हता. मी दोरीवरचा धाकटीचा टॉवेल ओढला आणि त्याने माझं तोंड पुसलं, मान पुसली, बाह्या वर करून दोन्ही हात कोपरापर्यंत खसाखसा घासले. "हे बघ. झालं काही?"

"आज नाही कळत," टिचकी म्हणाली. "आठ दिवस."

तेव्हापासून रोज भाज्यांचं काम उरकलं की मी त्या खोलीत जाते. टॉवेल अंगाला घासते आणि हात दाखवते. टिचकी दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून बघते. मला शिवत नाही, आईलाही नाही. वेणी आता तिची तीच घालते, वाकडी. धाकटी खाटेवर बसलेली असते आणि तिच्या मांडीवर कंगवा असतो. आम्ही जावा एकमेकींशी फार बोलत नाही. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. सहाव्या दिवशी टिचकीने बघून झाल्यावर आपली खाट एक वीतभर पुढे ओढली. मी घरी जाताना रस्त्यावर एकटीच हसले.

काल सातवा दिवस. सकाळी मटार सोलताना डाव्या मनगटाच्या वर चुरचुरलं म्हणून पाहिलं, तर लाल ठिपका. डास. स्वयंपाकघराच्या मोरीवर डास ढिगाने आहेत, आचाऱ्याचे तर कान फोडून काढलेत त्यांनी. मी बाही खाली ओढली आणि गुंडी लावली. दिवसभर त्या गुंडीकडे बघत मटार सोलले. उजवा हात दाखवला असता, डावा घाईघाईत दाखवला असता, किंवा आज बरं नाही म्हणून गेलेच नसते. लपवणं माझ्या स्वभावात चांगलंच आहे, हे आता मला माहीत झालंय.

चार वाजता गेले. दोन्ही बाह्या वर केल्या.

टिचकीने उजवा हात पाहिला. डावा पाहिला. मान आणखी खाली घातली.

"हे काय?"

"डास चावलाय."

धाकटी उठून आली, तिने माझं मनगट उजेडाकडे वळवलं. किती दिवसांनी तिने मला हात लावला होता. "डासच आहे गं," ती लेकीला म्हणाली. "बघ ना नीट."

टिचकीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघीही मोठी माणसं होतो. ती मागे सरली, आपली खाट वीतभर मागे ढकलून पुन्हा भिंतीला लावली आणि मोठ्या सिस्टरसारखा सरळ चेहरा करून म्हणाली, "बाही खाली कर. पुन्हा एकपासून."

धाकटीने कंगवा टेबलावर ठेवला.

"बरं," मी म्हणाले. "उद्या येते."